तेविसावा सांधा

सकाळी साडेसहाला कालचीच पँट पायात चढवताना तिचा हात सवयीने डाव्या खिशात गेला आणि बोटांना काहीतरी लागलं. डाव्या खिशात काही लागायचं नाही, असा नियम होता. उजव्या खिशात काय वाटेल ते असायचं, पेन्सिलीचं थोटूक, मीटरपट्टी, सर्दीची गोळी, चुरगळलेल्या पावत्या. पण डावा खिसा काम संपलं की रिकामा. तिने ते बाहेर काढून तळहातावर घेतलं. बोटाच्या दोन पेरांएवढी पांढरी नळी, एका टोकाला बारीक काठ. इन्सर्ट. प्लास्टिकचा पाइप फिटिंगमध्ये दाबून बसवायच्या आधी त्याच्या तोंडात हे सारायचं असतं, म्हणजे पाइपचं तोंड गोल राहतं आणि फिटिंगच्या आतल्या कड्याला पकडायला काही टणक मिळतं. वस्तू अगदी किरकोळ. दुकानदार सुद्धा मूठभर उचलून पिशवीत टाकतो, मोजत बसत नाही. ती मात्र मोजायची. आणि आता एक पाय पँटमध्ये, एक बाहेर, अशी ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली, कारण नऊ वाजता वडिलांच्या घरी कोबा ओतायला माणसं येणार होती.

"काय झालं? चमक आली का कमरेत?" नवऱ्याने चहाचा कप ठेवत विचारलं.

"एक राहिलंय."

नवऱ्याने तिच्या हातातल्या नळीकडे बघितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, त्यामुळे काय राहिलं ते त्याला सांगावं लागलं नाही. "एक जास्त घेतलं गेलं असेल," तो म्हणाला. "तेवीसच्या जागी चोवीस. माणूस आहे, चुकतो."

"चुकतो. मोजण्यात नाही चुकत."

"झालं. म्हणजे आता मीच चुकलो," असं म्हणत तो हसला आणि तिचे बूट शोधायला गेला, कारण ती आता चहा अर्धा टाकून निघणार हेही त्याला ठाऊक होतं.

मोजण्याची ही सवय बाबांची नव्हती, आईची होती. आई घरी शिवणकाम करायची. कपडा बेतताना जेवढ्या टाचण्या डबीतून काढल्या तेवढ्या परत डबीत गेल्या की नाही, हे बघितल्याशिवाय ती कपडा कुणाच्या हातात द्यायची नाही. राहिलेली टाचणी शिवणाऱ्याला टोचत नाही, घालणाऱ्याला टोचते, असं म्हणायची. मुलीने शिवण काही घेतलं नाही, बाबांच्या मागे पाइप धरायला गेली, पण टाचण्यांची डबी मात्र बरोबर नेली. आदल्या दिवशी नकाशावरचे सांधे मोजायचे. सकाळी तेवढीच इन्सर्ट डाव्या खिशात टाकायची. प्रत्येक सांध्याला एक. शेवटचा सांधा बसला की खिसा रिकामा, आणि खिसा रिकामा म्हणजे काम पुरं. वीस वर्षांत तिच्या हातचा एकही सांधा सुटला नव्हता, आणि हे ती कुणाला सांगत नसली तरी दिवसातून एकदा तरी मनाशी म्हणायची. त्यात गर्व होता हे तिला मान्य होतं. कामाचा गर्व नसलेल्या माणसाकडून तिने स्वतःच्या घरातला नळही बदलून घेतला नसता.

काल मात्र तिने खिसा बघितलाच नव्हता. काल ती खुशीत होती. सगळ्या पाइपांत पाणी भरून, पंपाने दाब चढवून ती तासभर काट्याकडे बघत बसली होती आणि काटा भिंतीवरच्या पालीसारखा जागच्या जागी चिकटून राहिला होता. बाबा मागे खुर्चीवर बसून होते. त्यांनी काट्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि ते काहीच बोलले नाहीत. बाबा काही बोलले नाहीत म्हणजे त्यांना नाव ठेवायला काही सापडलं नाही, एवढा हिशेब तिला लहानपणापासून येत होता. त्या आनंदात ती घरी आली, पँट खुंटीला लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा डावा खिसा न चाचपता झोपली.

गाडी पुलाच्या अलीकडे अडकली. पुढे मालाचे ट्रक, मागे शाळेची बस, आणि सगळे भोंगे वाजवून एकमेकांना हे सांगत होते की आपल्यालाही घाई आहे. तिने इंजिन बंद केलं. इन्सर्ट समोर काचेखाली ठेवलं होतं, वाटभर गाडीच्या हादऱ्याने इकडून तिकडे घरंगळणारं ते आता थांबलं. कालची परीक्षा खोटी नव्हती, पण ती थंड पाण्याची परीक्षा होती. थंड पाण्याला असा सांधा महिनोन्‌महिने दाद देत नाही. पण गरम पाणी आलं की पाइप किंचित मऊ पडतो, आत आधार नसला की तोंड चेपतं, कड्याची पकड सैल होते, आणि मग एखाद्या सकाळी पाय टेकावा तर जमीन ओली. तेवीसपैकी सतरा सांधे उघडे होते, भिंतीच्या कपाटात, भिंतीवर नाहीतर ओट्याखाली. त्यांची भीती नव्हती. सहा मात्र टाळताच आले नव्हते, भिंती जाड, वाट दुसरी नाही. ते सहा आज नऊनंतर चार बोटं कोब्याखाली जाणार होते. आणि घर बाबांचं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर ती सरळ सगळे सांधे उचकटून पुन्हा बसवायला निघाली असती, दोन तासांची बोंब, कोबेवाल्याच्या शिव्या, संपलं. पण बाबांच्या समोर गुडघ्यावर बसून तेवीस सांधे एकेक करून उचकटायचे, आणि बाबांनी खुर्चीवरून ते बघायचं! ज्या माणसाने वीस वर्षं या पाइपांना खेळणं म्हटलं, त्याला ते खेळणंच होतं हे आपल्या हाताने दाखवून द्यायचं. त्यापेक्षा कुठला सांधा ते शोधून काढावं. सांधे तिने बसवले होते, म्हणजे ते तिच्या डोक्यात कुठेतरी असणारच. वेळ होता, ट्रक हलत नव्हते. ती डोळे अर्धे मिटून कालच्या घरात शिरली.

पहिले चार स्वयंपाकघरातले. पहिला बसवताना गुडघा कडाड वाजला होता आणि तिने गुडघ्याला शिवी दिली होती. दुसऱ्याच्या वेळी आई आठवली, कारण तिथेच आई उभी राहायची, त्या फरशीला तिच्या टाचांनी खळगा पडला होता आणि परवा ती फरशी फोडताना बाबा उठून बाहेर गेले होते. तिसरा, चौथा, ओट्याखाली आडवं पडून, तोंडात टॉर्च धरून. तोंडात टॉर्चची धातूची चव. प्रत्येकाची कृती तीच. कटरने पाइप सरळ काटकोनात कापायचा, कडेची कुसळं काढायची, इन्सर्ट सारायचं, निळ्या पेन्सिलीने किती खोल जायचं त्याची खूण करायची, आणि मग दाबायचा, खूण फिटिंगच्या तोंडाशी येईपर्यंत. आत गेला की एक बारीकसा ठेका लागतो. तो कानाला फारसा ऐकू येत नाही, तळहाताला कळतो. मग उलटा ओढून बघायचा. ओढून बघणं बाबांचं. ती अकरा वर्षांची असताना बाबांच्या लोखंडी पाइपाचं दुसरं टोक धरून उभी राहायची. बाबा पाइपला आटे पाडायचे, सूत गुंडाळायचे, सफेदा लावायचे, पान्ह्याने आवळायचे आणि मग सगळं अंग मागे टाकून ओढायचे. एकदा त्यांनी तिला एक सांधा करू दिला होता. तिने सूत गुंडाळलं, बाबांनी बघितलं, म्हणाले, "परत." तिने परत गुंडाळलं. "परत." पाचव्या वेळी त्यांनी पान्हा तिच्या हातात दिला. आवळून झाल्यावर ओढून बघितलं आणि म्हणाले, "चालेल." त्या एका शब्दावर ती आठवडाभर हवेत होती. पुढे तिला कळलं की बाबांच्या शब्दकोशात त्याच्या वरचा शब्दच नाही.

पाच ते दहा, बोळातले. इथे तिचं मन जरा भरकटलं होतं हे तिला आठवलं, पण हात भरकटले नव्हते, कारण भरकटलं होतं ते नेमकं पाइपांवरूनच. सोळाव्या वर्षी तिचं मनगट मोठ्या पान्ह्याला पुरेना. बाबा म्हणाले, "हे तुझं काम नाही," आणि त्यांच्या लेखी विषय संपला. तिच्या लेखी तो दहा वर्षांनी संपला, जेव्हा तिने प्लास्टिकच्या पाइपांचं काम शिकून घेतलं, पान्हा नाही, आग नाही, सूत नाही, आणि पहिल्याच घराचं काम बघायला बाबांना घेऊन गेली. त्यांनी सांध्याला बोट लावलं. "हे खेळणं आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून ती प्लास्टिकबाई झाली. बाबा चारचौघांत म्हणायचे, "आमची प्लास्टिकबाई आली," आणि चारचौघे हसायचे, आणि तीही हसायची, कारण न हसून काय करणार. गावभर बाबांना मिस्त्री म्हणत. तिला मिस्त्रींची मुलगी म्हणत. तिने तीनशे घरांची कामं केली तरी मिस्त्रींची मुलगीच. आणि एक गोष्ट बाबांना माहीत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी एका थंडीत त्यांच्या हातचा एक जुना सांधा फुटला होता, आतून गंजून. घरमालकाने तिला बोलावलं. तिने तो गुपचूप बदलला आणि मालकाला सांगितलं, "पाइप जुना झाला होता, सांध्याचा दोष नाही." बाबांना अजून वाटतं की त्यांचा एकही सांधा कधी सुटला नाही. दोघा बापलेकींना आपापला एकही सांधा सुटला नाही असं वाटतं, आणि त्यातल्या एकीला तरी खरं ठाऊक आहे.

ट्रक हलले. पूल ओलांडून गाडी उतारावर आली. अकरा ते सोळा, कपाटातले. तिथेच मॅनिफोल्ड, म्हणजे एका आडव्या नळीवर ओळीने तोट्या, आणि प्रत्येक तोटीतून एकेका खोलीच्या जमिनीत गरम पाणी फिरवणारा लाल पाइप निघतो. त्या लाल पाइपांना जमिनीखाली सांधाच नसतो. एका खोलीला एक अखंड वेटोळं, गोल गोल आत जाऊन तसंच बाहेर येणारं. बाबा त्यांच्या खोलीतलं ते वेटोळं बघून म्हणाले होते, "माझ्या घरात गोगलगाय सोडलीस." दोन-दोन मोजे घालून बसले होते. दोन हिवाळे त्यांचे पाय रात्रभर गार पडत होते आणि ते कुणाला सांगत नव्हते. तिला कळलं ते त्यांच्या पलंगाखाली रबरी गरम पाण्याच्या पिशव्या सापडल्या तेव्हा, एक नाही, तीन. त्या दिवशी तिने ठरवलं की या घराची जमीन आपण गरम करायची, बाबांनी काहीही म्हणो. बाबांनी आश्चर्य म्हणजे फारसं काही म्हटलं नाही. "कर. तुझ्या आईची फरशी जपून काढ," एवढंच.

सतरा, अठरा, न्हाणीघरातला शॉवर. ते आठवले, ठेक्यासकट. मग वीस, बेसिनचं थंड. एकवीस, बावीस, तेवीस, संडासाची टाकी आणि तिच्या दोन तोट्या. आठवले. तिने बोटांवर पुन्हा मोजलं. बावीस भरले. मध्ये एकोणिसावा नव्हता. बेसिनचं गरम, जमिनीलगतचा, कोब्याखाली जाणाऱ्या सहांपैकी एक. तो कापल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं, कटरची टच्‌कन मिटलेली जीभ, निळी खूण, पाइप भिंतीला टेकवून ठेवलेला. आणि नंतर बसलेला. मधलं काही नाही. तळहातालाच आठवत नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा बावीस, पुन्हा एकोणिसाव्याच्या जागी भोक. सगळे सांधे हजेरी देऊन गेले आणि हा एक, मोजणीतला तेविसावा, उरला.

मधे काय झालं? मधे फोन आला होता. कोबेवाल्याचा. न्हाणीघरात आवाज नीट येत नव्हता म्हणून ती बाहेर पायरीवर गेली होती. कोबेवाला म्हणाला, "ताई, उद्या नऊ की साडेनऊ? मिस्त्रींना विचारून सांगता का?" तिचं डोकंच फिरलं. घर मिस्त्रींचं असलं तरी काम कुणाचं आहे? "विचारायचं काय त्यात? मी सांगते, नऊ," असं ती जरा जोरातच म्हणाली. म्हणजे रागात हात चुकला का? ती उतारावर ब्रेक दाबत हे तपासत राहिली. नाही. रागात तिचा हात चुकत नाही, उलट जास्त नेटका होतो, सगळा राग कापाच्या सरळपणात उतरतो. मग काय? ती परत आत आली तेव्हा बाबा न्हाणीघराच्या दारात उभे होते. "बघत होतो तुझं खेळणं," म्हणाले. हात मागे बांधलेले. आणि नाकावर जवळचा चष्मा.

बाबा कधी हात मागे बांधून उभे राहत नाहीत. पन्नास वर्षं हातात काही ना काही असलेला माणूस, त्याला हात मागे ठेवायची सवयच नाही. शाळेत वर्गात आंब्याची कोय लपवणारी पोरं तशी उभी राहतात. आणि जवळचा चष्मा ते फक्त काम करताना लावतात, वर्तमानपत्र सुद्धा लांब धरून वाचतात. तिला एकदम हसू फुटलं, एवढं की शेजारच्या गाडीतल्या बाईने वळून बघितलं. चोर कुठला! वीस वर्षं खेळणं खेळणं म्हणायचं, आणि पोरगी पायरीवर गेली की आपणच खेळून बघायचं! पाइप कापून ठेवलेला, खूण केलेली, तिने अठरा वेळा केलेलं त्यांनी खुर्चीवरून बघितलेलं. त्यांनी उचलला आणि दाबला. तिचं हसू तिथेच थांबलं. बघितलेलं, पण आठ हातांवरून, दूरचा चष्मा लावून. इन्सर्ट तिच्या चिमटीत असतं, एका क्षणात पाइपमध्ये जातं, आणि मग बाहेरून दिसतच नाही. लोखंडी पाइपाच्या आत काही घालायचं नसतं. बाबांच्या सगळ्या आयुष्यात सांध्याचं जे काही असतं ते बाहेरून असतं, सूत बाहेरून, सफेदा बाहेरून, जोर बाहेरून. पाइपच्या पोटात काही लागतं हे त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

आणि आपण? आपण परत आलो, पाइप बसलेला बघितला आणि पुढच्याला लागलो. ठेका न लागलेला सांधा आपला मानला. चाचणीच्या वेळी प्रत्येक सांध्याला कागद लावून थेंब बघत फिरलो, तेव्हा त्यालाही लावला आणि कागद कोरडा निघाला. हात बाबांचा होता पण डोळा आपलाच होता. हे तिने स्वतःला स्पष्ट सांगितलं, त्यात काही सूट दिली नाही. मग तिच्या लक्षात आलं की तिला बरंच हलकं वाटतंय. काम चुकलं नव्हतं, हात शाबूत होते. फक्त एक प्रश्न उरला. अजून आठ वाजायचे होते. बाबा उठले नसतील तर दोन मिनिटांत ते इन्सर्ट घालून टाकता येईल, नऊ वर्षांपूर्वीसारखं, कुणाला पत्ता न लागता. बाबा कोब्यावरून चालत राहतील आणि मनातल्या मनात म्हणत राहतील की यातला एक माझा, आणि तो काही सुटला नाही. ती गल्लीत वळेपर्यंत तिने ठरवलं नव्हतं.

बाबा उठलेले होते. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा पीत होते, पायात दोन मोजे, त्यावर चपला.

"एवढ्या लवकर? कोबा नऊला ना, प्लास्टिकबाई?"

"एक सांधा बघायचाय."

"कुठला?" हे त्यांनी जरा फारच लवकर विचारलं.

"बेसिनचा. गरमचा."

बाबांनी कप खाली ठेवला. "त्याला काय झालंय? काल काटा हलला होता का?"

"नव्हता हलला."

"मग?"

ती सरळ न्हाणीघरात गेली, गुडघ्यावर बसली आणि सांध्याच्या मागच्या बाजूने, भिंत आणि पाइप यांच्या सांदीत बोट घातलं. समोरून सगळं जसंच्या तसं होतं, निळी खूण फिटिंगच्या तोंडाशी अचूक टेकलेली. मागे मात्र बोटाला काहीतरी लागलं. सूत. फिटिंगच्या तोंडाशी सुताचे दोन वेढे, घट्ट, एकमेकांना चिकटून, टोक आत दुमडलेलं. बाबांना उघडा सांधा बघवला नव्हता. खेळणं असलं म्हणून काय झालं, उघडं कसं ठेवायचं? तिने ते वेढे बोटाने पुन्हा एकदा चाचपले. तिथेच तिचं ठरलं. लपवून दुरुस्त करायचा तो परक्या माणसाचा सांधा. हा माणूस आपल्या कामात हात घालून बघत होता, त्याला निदान नीट शिकता आलं पाहिजे.

तिने दाब सोडला, खाली घमेलं ठेवलं, फिटिंगचं कडं चिमट्याने मागे दाबून पाइप ओढला. फुस्स करून तो निघाला. सूत सोडवून तिने ते सहज खिशात टाकलं. मागे चपला वाजल्या. बाबा दारात उभे होते, आणि आज त्यांचे हात पुढे होते.

"गळत नव्हता," बाबा म्हणाले.

"नव्हता गळत. गरम पाणी आल्यावर गळला असता. आज नाही, कदाचित वर्षाने."

बाबा खाली वाकले. त्यांनी पाइप तिच्या हातातून घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि पाइपच्या तोंडात बघितलं. काम करताना सांध्यात काय बिघडलं ते शोधायला ते असंच बघायचे. बराच वेळ बघितलं. "आत काय असतं?"

तिने इन्सर्ट त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून फिरवलं, काठाला नख लावलं, उजेडात धरून आरपार बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढ्या वयाच्या माणसाच्या पाळ्या लाल होतात हे तिला माहीत नव्हतं.

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही, बाबा. वीस वर्षांत एकदाही नाही."

हे तिच्या तोंडून रागाने आलं नाही, नुसतं आलं. बाबा संडासाच्या बंद झाकणावर बसले. बाहेर कुणाचातरी कुत्रा भुंकत होता. एवढ्यात त्यांनी उठून जायचं आणि दुपारपर्यंत न बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. ती वाट बघत राहिली. ते उठले नाहीत.

"सूत बरोबर गुंडाळलं होतं ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सूत फर्स्टक्लास होतं. इथे ते लागत नाही एवढंच."

"मग बसव आता. तो येईल कोबेवाला."

ती ते अर्ध्या मिनिटात करू शकली असती. तिने कटर बाबांपुढे धरला. "टोक कापा आधी. कड्याचे ओरखडे पडलेत त्याला."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, कटरकडे बघितलं आणि कटर घेतला. कापलं. कापलेलं टोक तिने डोळ्यासमोर धरलं. केसभर तिरकं होतं.

"परत," ती म्हणाली.

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी परत कापलं. या वेळी सरळ होतं, कुणीही बघावं इतकं सरळ. कुसळं त्यांनी स्वतःच अंगठ्याने काढली, सांगावं लागलं नाही. इन्सर्ट सारलं. खूण केली, एकाच रेघेत. मग त्यांनी पाइप फिटिंगच्या तोंडाशी आणला आणि दाबला, सगळं अंग त्यावर टाकून, जणू समोर लोखंडच आहे. दाबता दाबता ते थांबले आणि त्यांनी मान वर केली.

"लागला," ते म्हणाले. "हाताला लागलं काहीतरी."

"तोच ठेका."

"काल पण लागला होता. पण असा नाही. काल जरा पोकळ होता." ते स्वतःशीच बोलत होते. मग बाजूला झाले. "ओढ."

तिने पाइप दोन्ही हातांनी धरला, पाय भिंतीला लावला आणि ओढला. बाबांच्या सांध्यावर तिने दया दाखवली नाही, जीव खाऊन ओढला. सांधा ढिम्म. तिने हात पुसले. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. ती ओळखत होती ते बघणं, अकराव्या वर्षी ते तिच्या चेहऱ्यावर होतं. शब्द तिच्या जिभेवर तयार होता, पस्तीस वर्षं तयार होता, आणि तो आता द्यायला किती मजा आली असती. पण तिला आठवलं की तो शब्द मिळाल्यावर आपण आठवडाभर हवेत होतो खरे, पण त्याआधी चार वेळा किती रडू आलं होतं.

"छान झालाय, बाबा," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा सरळ कापलाय तुम्ही."

बाबांना हे कुठे ठेवावं ते कळेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हं," ते म्हणाले. "चालेल."

सांधा बदलला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. तिने पाइपांत पाणी भरलं, पंपाने दाब चढवला, आणि दोघं काट्यासमोर बसली, ती जमिनीवर, बाबा खुर्ची ओढून तिच्या शेजारी. काल त्यांची खुर्ची मागे होती. नऊला पाच कमी असताना गल्लीत मोठी गाडी घरघरत आली आणि कोबेवाला बुटांवर पिशव्या चढवत दारात उभा राहिला. दोन जणांनी बाहेर जाडजूड नळी उलगडायला घेतली होती. त्याने आत नजर टाकली, लाल वेटोळी बघितली, आणि तिच्या डोक्यावरून, कालच्याच सवयीने, विचारलं:

"काय मिस्त्री, ओतायचं का?"

बाबांनी काट्यावरची नजर काढली नाही. "मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "मिस्त्री ही बसलीये. मी आज तिच्या हाताखाली आहे."

कोबेवाला हसला, थट्टा आहे असं समजून. मग बाबा हसत नाहीत हे बघून त्याचं हसू अर्ध्यात राहिलं, आणि त्याने मान खाली करून तिच्याकडे बघितलं. "ताई... मिस्त्री, ओतायचं का?"

तिने काट्याकडे बघितलं, तो जागचा हलला नव्हता. "पंचवीस मिनिटं थांबा," ती म्हणाली. "चाचणी पुरी होऊ दे."

"पण माल गाडीत फिरतोय, वेळ गेला तर..."

"मिस्त्रींनी सांगितलं ना पंचवीस मिनिटं," बाबा म्हणाले.

कोबेवाला बाहेर जाऊन पायरीवर बसला. आत दोघं काटा बघत राहिली. बाबांनी चपला काढून दोन मोज्यांचे पाय जमिनीवर ठेवले होते, अजून गार असलेल्या जमिनीवर, गोगलगाईच्या दोन वेढ्यांच्या मधल्या जागेत. तिचा हात सवयीने डाव्या खिशात गेला. तिथे सुताचा तुकडा होता, दोन वेढ्यांचा आकार अजून न मोडलेला. तिने तो बोटांनी चाचपला आणि तिथेच राहू दिला.